अमेरिकेत ‘वंश’ हा विषय शिकताना आपली मुलं नेमकं काय शिकतात?

माझी आपा आणि दुल्हेभाई गेली वीस-बावीस वर्षं न्यू जर्सीत राहतात. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. त्यांची मोठी मुलगी मागच्या वर्षी कॉलेजात गेली. तिला डॉक्टर व्हायचंय. पण पहिल्याच सत्रात तिने जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राबरोबर ‘अमेरिकेतील वंश आणि वांशिकता’ हा विषय घेतला. तिकडे पदवीसाठी मुख्य विषयाबाहेरचेही काही विषय घ्यावे लागतात, त्यातलाच हा एक.

दुल्हेभाईंना ते अजिबात पटलं नाही. फोनवर मला म्हणाले, “फी आपण डॉलरमध्ये भरायची आणि हिला शिकवणार काय, तर काळ्या-गोऱ्यांची भांडणं. याने मेडिकलला ॲडमिशन मिळणार आहे का?”

सुट्टीत ती गावी आली होती. घरात तिच्या चुलत भावाच्या रिश्त्याची बोलणी चालू होती. कोणीतरी सहज म्हणालं, “मुलगी शिकलेली आहे, घराणंही चांगलं आहे, पण रंगाने जरा दबलेली आहे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. ही मात्र माझ्याकडे वळून म्हणाली, “मामू, हे आपण कुठून शिकलो?”

मला उत्तर देता आलं नाही. मग तिच्या विषयाची पुस्तकं आणि टिपणं मागवून वाचायला बसलो. आपल्या अनेक घरांतली मुलं आज अमेरिकेत शिकतात किंवा जायच्या तयारीत आहेत. या विषयात असतं काय आणि त्याचा आपल्याशी संबंध काय, हे पालकांना कळावं म्हणून हा लेख.

वंश म्हणजे काय, वांशिकता म्हणजे काय?

पहिल्या काही तासांत मुलांना हा फरक समजावला जातो. वंश म्हणजे कातडीचा रंग, केस, नाक, डोळे अशा दिसण्यावरून समाजाने पाडलेले गट. वांशिकता म्हणजे भाषा, मूळ देश, चालीरीती, खाणंपिणं यांतून आलेली ओळख.

उदाहरण घेऊ. न्यू यॉर्कच्या एकाच इमारतीत सेनेगलहून आलेला मुसलमान, जमैकाहून आलेला ख्रिस्ती आणि अलाबामातल्या गुलामांचा वंशज असे तिघं राहतात. फॉर्मवर तिघांचा वंश एकच, ‘काळा’. पण तिघांची भाषा, जेवण, आठवणी पूर्ण वेगळ्या. आपलंही तसंच. कोकणी मुसलमान, पंजाबी शीख आणि तमिळ ख्रिस्ती हे तिघंही तिथे ‘एशियन’ या एकाच रकान्यात बसतात.

बरं, वंशाला शास्त्राचा आधार आहे का? १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञाने हिशोब मांडला की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समूहाच्या आतले असतात. वेगवेगळ्या वंशांमध्ये उरणारा फरक फारच थोडा. पुढे मानवी जनुकांचा पूर्ण नकाशा तयार झाला तेव्हा दिसलं की कुठल्याही दोन माणसांची जनुकं जवळपास ९९.९ टक्के सारखी असतात.

मग वंश ही खोटी गोष्ट आहे का? इथे शिक्षक मुलांना थांबवतात. कागदाच्या नोटेला स्वतःची किंमत काहीच नसते, पण सगळ्यांनी मानल्यामुळे त्याच कागदावर दूध-भाजी मिळते. वंशाचंही तसंच आहे. तो निसर्गाने केलेला नाही, माणसांनी केलेला आहे. पण त्याचे परिणाम खरे आहेत. कोणाला जमीन मिळाली, कोणाला मत मिळालं, कोणाला कर्ज मिळालं, हे त्यावरच ठरलं.

रंगाची भिंत कायद्याने बांधली गेली

व्हर्जिनिया वसाहतीत १६१९ मध्ये पहिले आफ्रिकी लोक बंदी करून आणले गेले. तिथे तेव्हा करारावर राबणारे गरीब गोरे मजूरही होते. पुढच्या काही दशकांत एकेक कायदा आला. १६६२ चा कायदा सांगतो की मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईवरून ठरेल. म्हणजे गुलाम बाईला मालकापासून मूल झालं तरी ते मूल गुलामच, मालकाच्या मालमत्तेत एकाची भर. १६६७ च्या कायद्याने ठरवलं की गुलामाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तरी तो सुटणार नाही. माणूस कोणत्या धर्माचा आहे यापेक्षा तो कोणत्या रंगाचा आहे, हे महत्त्वाचं ठरलं.

१६७६ मध्ये नॅथनिएल बेकनच्या बंडात गोरे मजूर आणि काळे गुलाम एकत्र लढले. मालकवर्ग घाबरला. त्यानंतरच्या कायद्यांनी, विशेषतः १७०५ च्या संहितेने, गरीब गोऱ्याला काळ्यापेक्षा वरची जागा दिली. अनेक इतिहासकार इथे बोट ठेवतात. गरिबाची मजुरी फारशी वाढली नाही, पण “तू त्याच्यापेक्षा वरचा” एवढं समाधान त्याला मिळालं. हा धडा मुलांच्या लक्षात राहतो, कारण जगात इतरत्रही हीच युक्ती चालते.

अमेरिकेतले सुरुवातीचे मुसलमान कोण?

आपल्याला वाटतं, अमेरिकेत मुसलमान म्हणजे १९६५ नंतर गेलेले डॉक्टर-इंजिनीयर. हा विषय शिकलेली मुलं हा समज घेऊन घरी परतत नाहीत.

पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांत मुसलमानही होते, आणि त्यांतले काही चांगले शिकलेले. उमर इब्न सईद हे त्यातलं ठळक नाव. ते १७७० च्या सुमारास आजच्या सेनेगलच्या भागात, फुता तोरो इथे जन्मले. अनेक वर्षं त्यांनी दीनी तालीम घेतली. १८०७ मध्ये पकडून त्यांना दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला विकलं गेलं. मालकाच्या जाचातून पळाले, उत्तर कॅरोलायनात पुन्हा पकडले गेले. तुरुंगाच्या भिंतीवर त्यांनी अरबीत लिहिलं आणि त्यामुळे लोकांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं.

१८३१ मध्ये त्यांनी अरबीत आपलं छोटं आत्मचरित्र लिहिलं. त्याची सुरुवात सूरह अल-मुल्कने होते. सगळी सत्ता आणि मालकी अल्लाहची, असं सांगणारी ही सूरह एका गुलामाने मालकांच्या मुलखात बसून लिहावी, यावर वर्गात बरीच चर्चा होते. त्यांनी बाप्तिस्मा घेतल्याचीही नोंद आहे. तो मनापासून होता की नाइलाजाने, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. ते गुलाम म्हणूनच वारले. त्यांचं हस्तलिखित २०१७ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

जॉर्जियातल्या सॅपेलो बेटावर बिलाली मुहम्मद नावाचे असेच एक गुलाम होते. त्यांनी अरबीत लिहिलेली काही पानं मागे राहिली. बरीच वर्षं लोकांना ती रोजनिशी वाटायची. नंतर कळलं की त्यात वुजू, अजान आणि नमाज यांचे नियम आहेत. शाळेत शिकलेलं आठवून, म्हातारपणी, परक्या मुलखात लिहून ठेवलेलं.

नागरिक व्हायचं तर ‘गोरं’ असल्याचं सिद्ध करा

१७९० च्या कायद्याने ठरवलं की बाहेरून आलेल्यांपैकी फक्त ‘मुक्त गोऱ्या व्यक्ती’लाच अमेरिकेचं नागरिकत्व घेता येईल. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांना ते खुलं झालं. आशियाई लोक मध्येच लटकले. मग प्रत्येकजण कोर्टात जाऊन म्हणू लागला की मी गोरा आहे.

१९२२ मध्ये जपानमध्ये जन्मलेले ताकाओ ओझावा सुप्रीम कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं होतं, माझी कातडी गोरी आहे, मुलं इंग्रजी बोलतात, मी या देशाशी एकनिष्ठ आहे. कोर्ट म्हणालं, गोरा म्हणजे कातडीचा रंग नव्हे, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा.

तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड यांचा खटला आला. हे पंजाबचे शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. त्यांची बाजू अशी की तेव्हाच्या शास्त्रानुसार उत्तर भारतातले लोक कॉकेशियनच, आणि मी तर उच्च जातीचा, शुद्ध रक्ताचा आर्य. त्याच न्यायमूर्तींनी, जॉर्ज सदरलँड यांनी, आता उलटा निकाल दिला. शास्त्र काहीही म्हणो, साधा माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, आणि भारतीयांना कोणी गोरं समजत नाही.

म्हणजे शास्त्र सोयीचं होतं तेव्हा शास्त्र, आणि नव्हतं तेव्हा साध्या माणसाची समज.

या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. पेशावरहून आलेले वैष्णोदास बगई त्यातले एक. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्यांचं दुकान होतं. नागरिकत्व गेलं, कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली मालमत्ता ठेवणं अशक्य झालं, भारतात जायला अमेरिकेचा पासपोर्टही मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या पत्नी कला बगई यांनी मुलांना वाढवलं. आज बर्कले शहरात एका रस्त्याला कला बगई यांचं नाव आहे.

आणि मुसलमानांचं काय? १९४२ मध्ये मिशिगनच्या एका फेडरल न्यायाधीशाने येमेनच्या अहमद हसन यांचा अर्ज फेटाळला. कारणांत त्यांचा काळसर रंग होता आणि त्यांचा मुसलमानी समाज युरोपच्या ख्रिस्ती समाजापासून फार वेगळा आहे, हेही होतं. दोनच वर्षांनी मॅसेच्युसेट्सच्या न्यायाधीशाने मोहम्मद मोहरीझ या अरबाला मात्र गोरं ठरवून नागरिकत्व दिलं. माणसं एकाच भागातली, धर्म एकच, पण एक काळा आणि एक गोरा. भारतीयांना नागरिकत्वाचा दरवाजा १९४६ मध्ये उघडला, तोही वर्षाला १०० नव्या माणसांच्या मर्यादेने. वंशाची अट पूर्ण गेली ती १९५२ मध्ये.

थिंड यांच्या खटल्यावर भाचीच्या वहीत एक ओळ होती. तिने लिहिलं होतं, “वंशाची शिडी चुकीची आहे असं ते म्हणाले नाहीत. मला वरच्या पायरीवर घ्या, एवढंच म्हणाले.” मी ती दोनदा वाचली.

जनगणनेत सगळे भारतीय ‘हिंदू’

आपल्या वाचकांना गंमतही वाटेल आणि विचारही करावासा वाटेल अशी एक गोष्ट. १९२०, १९३० आणि १९४० च्या अमेरिकन जनगणनेत भारतातून आलेल्या प्रत्येकाचा वंश ‘हिंदू’ असा लिहिला जायचा. शीख असो की मुसलमान, वंश हिंदूच. १९७० मध्ये भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली. १९८० पासून ‘एशियन इंडियन’ असा रकाना आला. आजोबा हिंदू, बाप गोरा, नातू एशियन, आणि घर एकच, रक्त एकच.

अरबांना सरकारी कागदावर दीर्घकाळ गोरं धरलं गेलं. मार्च २०२४ मध्ये ‘मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिका’ असा वेगळा रकाना करण्याचा निर्णय जाहीर झाला. असा रकाना असावा ही त्या समाजांची जुनी मागणी होती. मोजलं गेलं नाही तर शाळा, दवाखाने, निधी यांत आपली गरज दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. धर्माचा प्रश्न मात्र अमेरिकन जनगणना सक्तीने विचारू शकत नाही.

जहाजावरून उतरलेले बंगाली

आपल्या उपखंडातल्या मुसलमानांचा तिथला एक जुना धागा मुलांना या विषयात सापडतो. १८८० च्या दशकापासून बंगालच्या हुगळी भागातले मुसलमान फेरीवाले चिकनकाम केलेलं कापड घेऊन न्यू ऑर्लिन्सपर्यंत जायचे. पुढे सिल्हेट, नोआखाली या भागांतले खलाशी ब्रिटिश जहाजांच्या इंजिनाच्या भट्टीतली मजुरी सोडून न्यू यॉर्कच्या बंदरात गुपचूप उतरायचे. १९१७ पासून आशियाई मजुरांना अमेरिकेत यायला बंदीच होती.

या लोकांना गोऱ्या वस्तीत जागा नव्हती. त्यांना आसरा दिला काळ्या आणि पोर्तोरिकन वस्त्यांनी. हार्लेममध्ये त्यांनी तिथल्याच बायकांशी निकाह केले, छोटी हॉटेलं काढली, मुलं वाढवली. विवेक बाल्ड यांचं २०१३ चं ‘बंगाली हार्लेम’ हे पुस्तक या कुटुंबांवर आहे. कॅलिफोर्नियात पंजाबी शेतमजुरांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, त्यांच्यावरही चांगलं संशोधन आहे.

१९६५ च्या कायद्याने राष्ट्रानुसार ठरलेला जुना कोटा रद्द केला. त्या कायद्यामागे काळ्या समाजाच्या नागरी हक्कांच्या चळवळीचं वातावरण होतं. दुल्हेभाईंसारखी माणसं तिथे पोचली ती त्यानंतर उघडलेल्या वाटेने. ज्यांनी ती वाट उघडायला मार खाल्ला, त्यांच्याविषयी आपल्याच घरांत तुच्छतेने बोललं जातं. हे मुलांना टोचतं, आणि टोचायलाच हवं.

घर कुठे, त्यावर नशीब

वर्गात नकाशे पाहिले जातात. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे केले. चांगली वस्ती हिरवी, मग निळी, मग पिवळी आणि ‘धोक्याची’ लाल. काळ्या लोकांची वस्ती बहुतेक ठिकाणी लाल. सरकारी हमीचं गृहकर्जही अशा वस्त्यांना जवळपास मिळत नसे. १९४४ च्या कायद्याने युद्धातून परतलेल्या सैनिकांना घर आणि शिक्षणासाठी मदत दिली, पण अंमलबजावणी स्थानिकांच्या हाती असल्यामुळे अनेक काळे सैनिक वंचित राहिले. घरविक्रीतला भेदभाव १९६८ च्या कायद्याने बेकायदा ठरला.

तोवर एका पिढीने घर घेतलं होतं आणि दुसरीने भाडं भरलं होतं. घराची किंमत वाढते, ते मुलांना मिळतं, त्यावर कर्ज काढून मुलं शिकतात. शिवाय तिथे सरकारी शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून चालतो. स्वस्त घरांची वस्ती, म्हणून गरीब शाळा. “ते लोक मेहनत करत नाहीत” असं म्हणण्याआधी हा हिशोब मांडायला मुलं शिकतात.

आशियाई लोकांना ‘आदर्श अल्पसंख्याक’ म्हणायची पद्धत १९६६ च्या आसपास सुरू झाली. कौतुक ऐकायला बरं वाटतं. पण १९६५ नंतर व्हिसा मिळाला तो बऱ्याच अंशी आधीच शिकलेल्यांना. निवडून आणलेल्यांची तुलना पिढ्यानपिढ्या अडवलेल्यांशी करणं हा न्याय नाही.

धर्माचाच वंश होतो तेव्हा

मुसलमान हा वंश नाही. प्यू संस्थेच्या २०१७ च्या पाहणीत अमेरिकेतल्या प्रौढ मुसलमानांत ४१ टक्के गोरे (यात अरबही आले), २८ टक्के आशियाई, २० टक्के काळे आणि ८ टक्के हिस्पॅनिक होते. म्हणजे कुठल्याच वंशाचं बहुमत नाही.

तरीही ११ सप्टेंबर २००१ नंतर मुसलमान ‘दिसण्यावरून’ ओळखले जाऊ लागले. १५ सप्टेंबरला ॲरिझोनातल्या मेसा गावात पेट्रोलपंप चालवणारे बलबीरसिंग सोढी मारले गेले. ते शीख होते. पगडी आणि दाढी एवढंच मारेकऱ्याला पुरलं. २००२ मध्ये २५ देशांच्या पुरुषांसाठी खास नोंदणी सुरू झाली. त्यांतले २४ देश मुस्लिमबहुल होते. कागदावर देशाचं नाव, निशाणा मात्र धर्मावर. अभ्यासक म्हणतात, धर्माला वंशासारखं वागवलं जातं ते असं.

माल्कम एक्स यांचा धडाही इथेच येतो. एप्रिल १९६४ मध्ये ते हजला गेले. सगळ्या रंगांची माणसं एका ताटात जेवताना पाहून गोऱ्या माणसाविषयीचं त्यांचं जुनं मत बदललं. मात्र परत आल्यावर त्यांनी लढा सोडला नाही. माणसाचा द्वेष त्यांनी सोडला, अन्यायाला विरोध चालू ठेवला. फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांची हत्या झाली.

हा विषय आला कुठून आणि त्यावर वाद का?

हा अभ्यास विद्यापीठांनी आपणहून सुरू केला नाही. नोव्हेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजातल्या काळ्या, आशियाई, लॅटिनो आणि मूळनिवासी विद्यार्थ्यांनी संप पुकारला. आमचा इतिहास अभ्यासक्रमात का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. संप मार्च १९६९ पर्यंत चालला. अनेकांना अटक झाली. शेवटी तिथे हा स्वतंत्र विभाग सुरू झाला.

विरोधही जुना आहे. या विषयाने मुलांत फूट पडते, गोऱ्या मुलांना उगाच अपराधी वाटतं, शिक्षक राजकारण शिकवतात, असे आक्षेप आहेत. ते सगळेच हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. वाईट शिक्षक कुठलाही विषय बिघडवू शकतो. ॲरिझोनाने २०१० मध्ये कायदा करून टुसॉन शहराचा मेक्सिकन-अमेरिकन अभ्यास बंद पाडला. २०१७ मध्ये फेडरल न्यायाधीशाने त्यामागे वांशिक आकस होता असा निकाल दिला. २०२३ मध्ये फ्लोरिडाने आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा शालेय अभ्यासक्रम नाकारला.

फायदा होतो का, याचीही तपासणी झाली आहे. थॉमस डी आणि एमिली पेनर यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या नववीच्या मुलांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना हा विषय दिल्यावर त्यांची हजेरी २१ टक्क्यांनी वाढली आणि गुणांची सरासरीही बरीच सुधारली. आपल्या माणसांची गोष्ट पुस्तकात दिसली की मूल शाळेत टिकतं, असा याचा अर्थ लावला जातो.

महाराष्ट्राचा धागा

हे सगळं परक्यांचं, असं मराठी माणसाने म्हणायचं कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ मध्ये त्यांनी काळ्या समाजाचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या त्यांच्या निवेदनाची प्रत मागितली. डुबॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊनच.

आणि आपला धागा त्याहून जुना आहे. मलिक अंबर हे इथिओपियात जन्मलेले, गुलाम म्हणून विकले गेलेले. तेच निजामशाहीचे कर्तेधर्ते झाले आणि त्यांनी खडकी वसवली. जंजिऱ्याचे सिद्दी तर कोकणाला ठाऊकच आहेत. गुलामी आपल्याकडेही होती, ती झाकायची गरज नाही. पण इथला गुलाम सेनापती होऊ शकला. अमेरिकेच्या कायद्याने तो रस्ता रंगावरून पिढ्यानपिढ्या बंद केला. हा फरक मुलांना समजला तर त्यांना दोन्ही इतिहास नीट समजतात.

मग पालकांनी काय करायचं?

फॉर्मवर वंशाचा रकाना आला की घाबरू नका. तिथे स्वतःची ओळख स्वतः सांगायची असते, आणि बहुतेक ठिकाणी उत्तर न देण्याची सोय असते. जून २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कॉलेजांना प्रवेश देताना वंशाचा विचार करता येत नाही. मात्र वंशामुळे आयुष्यात काय सोसलं, काय शिकलो, हे मूल आपल्या निबंधात लिहू शकतं.

मुलीने किंवा मुलाने हा विषय घेतला तर “याचा उपयोग काय” हा प्रश्न जरूर विचारा, पण उत्तरही ऐकून घ्या. डॉक्टर होणाऱ्या मुलीला कळलं की शेजारच्या दोन वस्त्यांत दम्याचे रुग्ण कमी-जास्त का असतात, तर ती चांगली डॉक्टर होईल. या आठवड्यात कोणता खटला वाचलास, काय पटलं, काय नाही पटलं, असं विचारा. मतभेद होतील. होऊ द्या.

आणि सगळ्यात अवघड काम घरातलंच आहे. सूरह अल-हुजुरातची तेरावी आयत आपण निकाहच्या आणि एकतेच्या भाषणांत हमखास ऐकतो. जमाती आणि कबिले एकमेकांची ओळख व्हावी म्हणून आहेत, हे आपल्याला पाठ आहे. तरीही रिश्त्याच्या वेळी रंग विचारला जातो, बिरादरी विचारली जाते, ‘खानदानी’ या शब्दात अश्राफ-अजलाफचा सगळा हिशोब दडलेला असतो. ‘हबशी’ हा शब्द आपण चिडवायला वापरतो आणि हजरत बिलाल (रजि.) यांचं नाव आदराने घेतो. मुलं हे दोन्ही एकाच घरात ऐकतात.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मला आता थोडं देता येतं. हे आपण कुठल्या किताबातून शिकलो नाही. आजूबाजूच्या शिडीवर आपणही आपली पायरी शोधली आणि खाली कोणीतरी हवं म्हणून रंग धरला, बिरादरी धरली. थिंड यांनी कोर्टात केलं तेच आपण दिवाणखान्यात करतो.

त्या चुलत भावाच्या रिश्त्याचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. भाचीने मुलाला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, “तुला मुलगी पसंत आहे का?” तो हो म्हणाला. बोलणी पुढे चालू झाली. दुल्हेभाईंनी मला परवा फोन केला. म्हणाले, “पुढच्या सत्रात त्याच विषयाचा दुसरा भाग आहे म्हणते. घेऊ दे म्हटलं.” मग जरा थांबून म्हणाले, “ते उमर इब्न सईद यांच्यावरचं काही असेल तर मलाही पाठव.”